गुलाबी प्रतीवरचे ठिपके

मराठीत आपण रागावतो ते कुणावर, भांडतो ते कुणाशी आणि घाबरतो ते कुणाला. हे 'वर', 'शी' आणि 'ला' आपल्याला कुणी शिकवलेले नसतात. माझ्या वडिलांना सहीपलीकडे काही लिहिता येत नव्हतं, पण 'मी साहेबाशी घाबरलो' असं ते जन्मात कधी बोलले नाहीत. इंग्रजीचं तसं नाही. तिथे विशेषण पाठ केलं की अर्धंच काम होतं. त्याच्या मागे ऑफ बसणार, टू बसणार, विथ बसणार की फॉर, हे वेगळं पाठ करावं लागतं, आणि का म्हणून विचारायची सोय नसते. कॅपेबलला ऑफ लागतो. सिमिलरला टू लागतो. सॅटिस्फाइडला विथ. लागतो म्हणून लागतो.

मी आमच्या घराण्यातला पहिला बीए. हे मी आजही कुणालाही आधी सांगतो, बाकीचं नंतर. काळेवाडीच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत राहून, पुण्याच्या कॉलेजात सायकलने जाऊन मी बीए झालो. इंग्रजीचं गाईड अप्पा बळवंत चौकातून जुन्यात घेतलं होतं. काही पानं गळालेली होती म्हणून स्वस्त पडलं. त्याच्या शेवटी विशेषणं आणि त्यांचे ऑफ-टू-विथ यांची एबीसीडीप्रमाणे लांबलचक यादी होती. ती मी सायकल मारता मारता पाठ केली. आमच्या वर्गात सदाशिव पेठेतली, कॉन्व्हेंटातली मुलं होती. त्यांना ती यादी पाठ करावी लागत नव्हती, त्यांच्या तोंडून ती आपोआप बाहेर पडायची. मला तिचा राग यायचा आणि तिचा अभिमानही वाटायचा.

इंग्रजीकडे संशयाने बघायची सवय मात्र मला घरातूनच लागली. आम्ही मराठवाड्यातून आलेलो. वडील पिंपरीतल्या एका कारखान्याच्या फाउंड्रीत हेल्पर होते. दर काही महिन्यांनी त्यांच्यासमोर एक टाइप केलेला इंग्रजी कागद यायचा आणि ते सही करायचे. मग आठ-दहा दिवस घरी बसायचे आणि पुन्हा नव्याने कामावर लागायचे. मी आठवीत असताना तो कागद एकदा त्यांनी खिशात घालून घरी आणला, म्हणून मला वाचायला मिळाला. मी राजीखुशीने काम सोडत आहे, असं त्यात लिहिलेलं होतं, म्हणजे कंपनीला त्यांना कधी कायम करायला नको. वडिलांनी तो सगळा ऐकला आणि फक्त एवढंच म्हणाले, "म्हंजे इतकी वर्षं मीच सोडून जात व्हतो व्हय." त्या दिवसापासून आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो आधी उलटा करून मागे काही आहे का बघायचं, आणि मग सुलटा करून दोनदा वाचायचा, असा रिवाज पडला.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मला भोसरीत गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत पत्रव्यवहाराचा कारकून म्हणून नोकरी लागली. सहा महिने प्रोबेशन. सहा महिन्यांनी हेडक्लार्कने शिफारसीची टिप्पणी लिहायची, मॅनेजर साहेबांनी सही करायची, की माणूस कायम. वडिलांनी मात्र मी रुजू झालो त्याच आठवड्यात फाउंड्रीत आणि गावाकडेही सांगून टाकलं की पोरगा कायम झाला. मी त्यांना म्हटलं, अहो अजून सहा महिने आहेत. ते म्हणाले, तू बीए आहेस, तुझा कागद तूच लिवणार, मग कसली भीती. त्यांची समजूत अशी होती. मला ती मोडवेना, आणि ती खोटी ठरली तर त्यांना फाउंड्रीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हेही दिसत होतं.

आमच्या ऑफिसात चार टेबलं. हेडक्लार्कना सगळे अण्णा म्हणत. पन्नाशीचे, रहाटणीच्या जुन्या शेतकरी घरातले. मॅट्रिकला बसले होते, पास झाले नव्हते. लष्कराच्या डेपोत कारकुनी शिकून मग इथे आलेले. टेरिलीनचा शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी आणि कानावर पेन्सिल. मला ते पहिल्या दिवसापासून 'बीएसाहेब' म्हणायला लागले. "या बीएसाहेब, बसा बीएसाहेब." मला तो टोमणाच वाटला. कारण मला नोकरी का मिळाली हे मला टायपिस्टने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. हा टायपिस्ट कोकणातला, बारीक अंगाचा, मशीन थांबवूनच बोलायचा. आधी पत्रं अण्णाच लिहीत. नवे मॅनेजर साहेब आले, त्यांनी अण्णांचे दोन मसुदे परत पाठवले आणि म्हणाले, एक ग्रॅज्युएट घ्या. तो ग्रॅज्युएट म्हणजे मी. थोडक्यात, माझी खुर्ची अण्णांच्या बेइज्जतीतून निघालेली होती.

"तुमच्या आधी पण एक होता," टायपिस्ट पुढे म्हणाला. "बी.कॉम., हिशेबाच्या टेबलावर. साडेपाच महिने टिकला."

का गेला, म्हणून मी विचारलं.

"टिप्पणी अण्णा लिहितात," एवढंच तो म्हणाला आणि मशीन सुरू केलं.

आता पत्रांची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मी हाताने मसुदा लिहायचो. टायपिस्ट कार्बन घालून तीन प्रती काढायचा. पांढरी ज्याला पत्र त्याला, पिवळी त्या पार्टीच्या फाइलला आणि गुलाबी रोजच्या पत्रांच्या फाइलला. गुलाबी प्रतीवर अण्णांची छोटी सही पडली की संध्याकाळी साहेब पांढरीवर सही करत. साहेब वाचत नसत. अण्णांची सही आहे ना, एवढंच बघत. दिवस संपला की गुलाबी फाइल अण्णांच्या टेबलावर जाऊन पडायची.

दुसऱ्या महिन्यात एका जुन्या पत्राचा संदर्भ हवा होता म्हणून मी ती फाइल मागून घेतली. चाळताना मला माझ्या पत्रांवर पेन्सिलीचे ठिपके दिसले. अगदी बारीक, शब्दाच्या खाली. आधी वाटलं टायपिस्टच्या चुका असतील. नीट बघितल्यावर दिसलं की ठिपके ऑफच्या, टूच्या, विथच्या, फॉरच्या खाली आहेत. आणि सगळीकडे नाहीत. जिथे त्यांच्या आधी विशेषण आहे, तिथेच. इतर कुणाच्या पत्रांवर एकही ठिपका नव्हता. फक्त माझ्या.

मी फाइल घाईने मिटली. कारण तीच माझी नाजूक जागा होती आणि ती दुसऱ्या कुणाला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. स्पेलिंगला मी पक्का होतो, क्रियापदांचे काळ पक्के होते. पण या ऑफ-टू-विथपाशी मी प्रत्येक वेळी थोडा थांबायचो, यादी मनात म्हणायचो, आणि यादीत नसेल तर कानाला बरं वाटेल ते टाकायचो. माणूस नेमका तिथेच ठिपका देत होता. मी गणित मांडलं. बरोबर असेल तिथे ठिपका द्यायचं कारण नाही. म्हणजे ठिपका ही चूक. म्हणजे हा माणूस माझ्या चुका साठवतो आहे, सहाव्या महिन्यासाठी.

घरी येऊन यादी काढली. ठिपके पडलेले बरेचसे शब्द यादीप्रमाणे बरोबर निघाले. त्याने माझा धीर वाढायला हवा होता. पण मला वाटलं, अण्णांना बरोबर काय ते माहीत नसणार, तेवढ्याने काय होतं. साहेबापुढे फाइल टाकून 'इतके ठिपके' एवढंच ते दाखवतील. साहेब कुठे वाचतात?

त्यानंतर माझी नजरच बदलली. जेवणाच्या सुट्टीत सगळे शेडमध्ये डबे उघडत, तेव्हा अण्णा टेबलावरच भाकरी खात आणि डाव्या हाताने गुलाबी फाइल उलटत. मी आत गेलो की ड्रॉवर बंद होई. एकदा नाही, रोज. संध्याकाळी आम्ही दोघंही सायकलने एकाच बाजूला जात असू. भोसरीहून नाशिक फाटा, पिंपरी, नदी. पुढे ते रहाटणीला, मी काळेवाडीला. सोबत जायला काही हरकत नव्हती. मी मुद्दाम दहा मिनिटं उशिरा निघायला लागलो. तरी ते एकदा फाटकापाशी थांबलेले सापडले. सायकलला टेकून उभे.

"बीएसाहेब," ते म्हणाले, "परवाच्या त्या पत्रात तुमी रिस्पॉन्सिबल फॉर लिवलंय. आणि खाली एके ठिकानी रिस्पॉन्सिबल टू. दोन्ही चालतंय व्हय?"

मी म्हटलं, चालतं.

"कसं काय?"

गोष्टीला फॉर, माणसाला टू, असं मी सांगितलं. उत्तर बरोबर होतं, पण सांगताना माझा आवाज चढला, कारण मला ती उलटतपासणी वाटत होती. ते 'असं असं' म्हणाले, कानावरची पेन्सिल चाचपली आणि सायकलवर बसले. मी मागे राहिलो. नदीपर्यंत मला त्यांची टोपी पुढे दिसत होती आणि मी मुद्दाम अंतर राखून होतो.

टायपिस्टला मी विश्वासात घेतलं. तो म्हणाला, सावध राहा राव, तो बी.कॉम.वाला पण आधी असाच हसायचा. हसण्याचा आणि जाण्याचा संबंध काय, हे मी त्याला विचारलं नाही. संशय आला की माणूस असे प्रश्न विचारत नाही.

चौथ्या महिन्यात मी ठरवलं की परीक्षा घ्यायची. माझ्या परीने मी हुशारी केली. तीन पत्रांत तीन चुका मुद्दाम पेरल्या. परदेशी किंवा मोठ्या पार्टीच्या पत्रांत नाही, तेवढं भान होतं. पुठ्ठ्याचे खोके, चिंध्या आणि कुलपं पुरवणाऱ्या लहान माणसांच्या पत्रांत. एकात कॅपेबल ऑफच्या जागी कॅपेबल फॉर लिहिलं. दुसऱ्यात सॅटिस्फाइड विथच्या जागी सॅटिस्फाइड फ्रॉम. तिसऱ्यात सिमिलर टूच्या जागी सिमिलर विथ. डाव असा होता की अण्णा प्रामाणिक असतील तर सही करायच्या आधी मला बोलावून चूक दाखवतील, दुरुस्त करायला लावतील. तेच त्यांचं काम होतं. आणि डूख धरून असतील तर चूक तशीच जाऊ देतील आणि गुपचूप ठिपका देतील.

तिन्ही पत्रं तशीच्या तशी गेली. तिन्ही गुलाबी प्रतींवर अण्णांची सही होती. आणि तिन्ही चुकांच्या खाली, नेमका, पेन्सिलीचा ठिपका.

त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. मला आनंद झाल्यासारखंही वाटत होतं, हे कबूल करतो. आपला संशय खरा ठरला की माणसाला एक प्रकारचं समाधान होतं, नुकसान आपलंच असलं तरी. मी घरी बसून साहेबांच्या नावाने एक तक्रार लिहिली. हेडक्लार्क माझ्या पत्रांतल्या चुका जाणूनबुजून दुरुस्त करत नाहीत, कंपनीची अब्रू धोक्यात घालतात आणि त्या चुका माझ्याविरुद्ध वापरण्यासाठी जमवतात, अशी. इंग्रजीत. प्रत्येक विशेषण यादीशी ताडून बघितलं. वडील समोर बसून बघत होते. त्यांना वाटलं मी कायमपणाचा कागद लिहितोय. मी त्यांना तसं वाटू दिलं.

तक्रार चारपदरी घडी करून खिशात ठेवली. टिप्पणी वाईट निघाली तर त्याच क्षणी टेबलावर ठेवायची, असं ठरलं होतं.

सहा महिने भरायच्या दोन दिवस आधी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब पुण्याच्या लष्कर भागात वाढलेले, मराठी बोलत पण विचार इंग्रजीत करत असावेत. त्यांच्या हातात अण्णांची टिप्पणी होती. स्वतःच्या हाताने, शाईने लिहिलेली, एक पूर्ण पान. मी खिशावर हात ठेवून उभा होतो.

साहेबांनी टिप्पणी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. हा मुलगा वेळेवर येतो. याची पत्रं स्वच्छ असतात. याच्यामुळे ऑफिसच्या इंग्रजीची पत वाढली आहे. मला काही समजेना. हे कधी उलटणार, म्हणून मी पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. पुढचं वाक्य होतं: ही इज कॅपेबल फॉर इंडिपेंडंट करस्पॉन्डन्स. साहेब थांबले. भुवया वर केल्या आणि पुढचं वाचलं: आय ॲम फुली सॅटिस्फाइड फ्रॉम हिज वर्क.

त्यांनी कागद खाली ठेवला.

"हेडक्लार्क," ते म्हणाले, "इतकी वर्षं झाली तुम्हाला. कॅपेबल ऑफ. सॅटिस्फाइड विथ. शाळेतल्या पोराला येतं."

अण्णांनी टोपी काढली नाही, पण तिला हात लावला. म्हणाले, "चुकलं साहेब."

"ग्रॅज्युएटची शिफारस करताय आणि ती अशी? त्याच्याकडून तपासून तरी घ्यायची."

अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'याच्याच पत्रातून घेतलंय' एवढं एक वाक्य ते बोलू शकत होते. पत्रांच्या गुलाबी प्रती बाहेर टेबलावर होत्या, दोन मिनिटांत आणता आल्या असत्या. ते बोलले नाहीत. साहेबांनी शाईच्या पेनने दोन शब्द खोडले, वर बरोबर शब्द लिहिले आणि खाली सही केली. मी कायम झालो. माझ्या तोंडून थँक्यू सर बाहेर पडलं. दुसरं काही पडलं नाही.

त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन घरी गेलो. वडिलांनी फाउंड्रीत वाटायला निम्मे बाजूला काढले. मी एकही खाल्ला नाही. झोपेपर्यंत मी उलटसुलट विचार करत राहिलो. आणि खरं सांगतो, अजूनही माझं मन संशयच घेत होतं. त्यांनी मुद्दाम तर लिहिलं नसेल? मला माझा सापळा दाखवायला? साहेबासमोर स्वतः शिव्या खाऊन मला कायमचं मिंधं करायला? माणूस इतका वाकडा विचार करू शकतो, आणि मी करत होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी सवयीने ड्रॉवर बंद केला. मी म्हटलं, अण्णा, आज उघडाच ठेवा. आणि ठिपक्यांचं विचारलं.

त्यांना लाज वाटली. मोठ्या माणसाला लाजलेलं बघणं फार अवघड असतं. त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. विकत घेतलेली नव्हती. रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या जांभळट कागदांचे तुकडे कापून, पोत्याच्या दोऱ्याने शिवलेली. एका बाजूला गिअरच्या दात्यांच्या रेषा आणि दुसऱ्या, कोऱ्या बाजूला त्यांचं अक्षर. एबीसीडीच्या प्रत्येक अक्षराला वेगळी पानं, डावीकडे विशेषण, मध्ये त्याचा ऑफ किंवा टू, उजवीकडे माझ्या पत्राचा नंबर आणि तारीख. पानामागून पान. माझं नोकरीतलं एकही पत्र त्यातून सुटलेलं नव्हतं.

"साहेबानं मसुदं परत धाडलं तवाच ठरिवलं," ते म्हणाले. "आता शिकायचं. पण कुनाकडं? ह्या वयात शिकवनीला बसलो तर गाव हसंल. म्हटलं, आपल्यासमोरच बीए बसलाय. तो लिवतो ते बरोबरच असनार की."

आणि वही लपवायची का, तर टायपिस्टच्या जिभेला हाड नव्हतं. तो बी.कॉम.वाला कुठे गेला, हेही मी विचारून घेतलं. त्याला बँकेत लागली होती. अण्णांनीच त्याचा अर्ज पाठवायला सुट्टी दिली होती.

मग मी सांगितलं. सगळं. ठिपके दिसले तिथपासून सापळ्यापर्यंत. तीन पत्रांतल्या तीन चुका मी मुद्दाम घातल्या, तुम्ही त्या वहीत उतरवल्या आणि टिप्पणीत वापरल्या, असं. तक्रारीचं तेवढं सांगितलं नाही. ती सकाळीच संडासात टाकून आलो होतो.

अण्णा बराच वेळ वहीची पानं पुढे-मागे करत राहिले. मला वाटलं आता चिडतील, आणि चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांना राग आलेला नव्हता. त्यांची पंचाईत वेगळीच झाली होती.

"मग आता ह्यातलं खरं कंचं?" ते म्हणाले. "तीनच खोटी हायेत हे तुमी सांगताय. पन मला कसं कळायचं?"

तेव्हा मला माझ्या करणीचं वजन कळलं. पाच-सहा महिने भाकरी खाताना डाव्या हाताने जमवलेली वही मी एका दमात संशयाची करून टाकली होती. आमच्या वडिलांपुढे यायच्या त्या इंग्रजी कागदांसारखी. मी म्हटलं, चला, डिक्शनरीशी ताडून बघू. शिपायाकडून साहेबांच्या केबिनमधली जाड डिक्शनरी मागवली. साहेब त्या दिवशी मुंबईला गेले होते. अण्णांनी वही धरली आणि ते एकेक शब्द वाचू लागले. डिक्शनरी माझ्या हातात होती. मी शब्द काढायचो, बघायचो आणि बरोबर म्हणायचो. ते बाजूला बारीक बरोबरची खूण करायचे.

पहिल्याच पानावर अकस्टम्ड आला. वहीत होतं अकस्टम्ड विथ. डिक्शनरीत टू. मी पुन्हा वाचलं. टूच होतं. हा माझ्या सापळ्यातला नव्हता. हा मी रोज लिहीत होतो, मनापासून, बरोबर समजून. माझ्या गाईडच्या यादीचं पहिलं पान गळालेलं होतं, हे मला त्या क्षणी आठवलं. ए तिथे होता.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"हा पण मुद्दाम," मी म्हणालो.

त्यांनी खोडला. पुढे गेलो. डेफिशंट ऑफ निघालं, डिक्शनरीत इन. हे पान माझ्या गाईडमध्ये होतं, मीच चुकीचं पाठ केलं होतं. "हाही." पुढे आयचे शब्द आले आणि तिथे दोन सापडले: इन्फीरिअर दॅन, इंडिपेंडंट फ्रॉम. इन्फीरिअरला टू हवा होता, इंडिपेंडंटला ऑफ. तेही पान माझ्याकडे कधी नव्हतंच. मी दोन्ही वेळा डोळे डिक्शनरीतच ठेवून 'मुद्दाम' असं म्हणालो. डिक्शनरी त्यांच्याकडे सरकवली असती तरी त्यांनी ती उघडून तपासली नसती. त्यांचा माझ्यावर अजून विश्वास होता.

शेवटी त्यांनी खोडलेल्या ओळी मोजल्या.

"सात," ते म्हणाले. "मघाशी तीन म्हनाला व्हता."

"बाकीच्या विसरलो होतो."

त्यांनी वही मिटली. थोडा वेळ टोपी हातात फिरवली आणि म्हणाले, "सात म्हंजी लईच वैतागला व्हता की माझ्यावर. माझंच चुकलं. आधीच विचारायला पायजे व्हतं."

मी हो म्हणालो. होय, हेच म्हणालो. वडिलांचा मुलगा, घरातला पहिला बीए, याने त्या दिवशी अडाणी ठरण्यापेक्षा डूख धरणारा ठरणं पत्करलं, आणि वर माफीही स्वीकारली. तेव्हा मला तेच परवडण्यासारखं वाटलं.

त्यानंतर आम्ही संध्याकाळी बरोबरच निघू लागलो. ठिपके काही थांबले नाहीत. फक्त आता अण्णा नदीवर पोचलो की विचारायचे, "बीएसाहेब, आजचं ते फलाणं, खरं का मुद्दाम?" टायपिस्टला पुढे ते कळलं आणि सगळ्या ऑफिसात ती थट्टा होऊन बसली. कुणी सुट्टीचा अर्ज दिला तरी विचारत, खरं का मुद्दाम. सगळे हसत, मीही हसायचो. पण अण्णांना मात्र मी तिथल्या तिथे उत्तर देत नसे. उद्या सांगतो म्हणायचो. पहिल्या वाढीव पगारात मी नवी कोरी डिक्शनरी घेतली होती, एकही पान न गळालेली. रात्रीचं जेवण झालं की मी ती आधी उघडायचो, शब्द बघायचो, आणि मगच दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगायचो.